बिनघंटेची आरती

माझी नात धंतोलीतल्या एका मोठ्या दवाखान्यात नर्स आहे. मागच्या महिन्यात ड्यूटीवरून आली ती बूटसुद्धा न काढता दिवाणावर बसून राहिली. पुढे ठेवलेला चहा गार झाला. मग म्हणाली, "आजी, मला दिसत असतं गं. पेशंट बिघडतोय हे डॉक्टरांच्या आधी मला दिसतं. पण बोलायला तोंड उघडलं की वाटतं, मी कोण सांगणारी?" तेवढ्यात आमच्या मनीषनगरातल्या देवळात संध्याकाळची आरती सुरू झाली, घंटा वाजली, आणि माझी उजवी मूठ आपोआप मिटली. नातीनं ते पाहिलं. "हे काय?" असं तिनं विचारलं. तेव्हा तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते आहे.

लिहिताना संकोच वाटतो, हे आधीच कबूल करते. मी बी.ए. आहे. नर्सिंगचा कोर्स आधी केला, मग नोकरी सांभाळून पदवी घेतली. आमच्या सात पिढ्यांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी अजूनही चार माणसांत सांगते. कोणाला मिरवणं वाटलं तर वाटो. शिकलेल्या माणसाला आपला देव दुसऱ्यापुढे मांडताना जरा चोरट्यासारखंच होतं. आपण म्हणायचं "अनुभव आला", आणि ऐकणाऱ्यानं मनात म्हणायचं "योगायोग असेल". मलाही त्यातलं काय ते ठरवता आलेलं नाही. म्हणून घडलं तसं सांगते.

माझे बाबा खापरखेड्याच्या वीजघरात कोळसा उतरवायच्या कामावर होते. कॉलनीतलं आमचं क्वार्टर दोन खोल्यांचं. अंगणात वाळत घातलेलं पांढरं कापड संध्याकाळपर्यंत करडं व्हायचं. आई निरक्षर, पण नवरात्र तिचं कडक. नऊ दिवस पायात चप्पल नाही, आणि एक दिवस आम्हा भावंडांना घेऊन शेताशेतांतून कोराडीच्या देवीला पायी जायचं. तेव्हा तिथे लहानसं देऊळ होतं आणि शेजारी तळं. आई सांगायची, "आईचं तोंड सकाळी पोरीचं दिसते, दुपारी बाईचं, अन् दिवे लागले का म्हातारीचं." मी नववीत असताना एकदा हट्टानं दिवसभर देवळात बसले, डोळे लावून. मला सकाळी जे दिसलं तेच संध्याकाळी दिसलं. परतताना मी आईला तसं सांगितलं. ती डोक्यावरची पिशवी सावरत म्हणाली, "तुले दिसलं नाही म्हणून ते नाही का वं?" पुढे मीही अनवाणी नवरात्र धरत राहिले, ते देवीसाठी की आईसाठी, हे मला सांगता आलं नसतं.

ही गोष्ट आणीबाणी उठून गेल्यानंतरची. मी धंतोलीतल्या एका खासगी दवाखान्यात नोकरीला होते. तेव्हाची धंतोली आजच्यासारखी दाट नव्हती. बंगले, त्यांच्यापुढे बागा, मधूनच एखाद्या डॉक्टरची पाटी. आमचा दवाखानाही मुळात बंगलाच होता. डॉक्टरसाहेब हुशार आणि हाताला यश असलेले. वेळ पडली तर स्वतः स्ट्रेचर उचलत. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदर होता आणि आजही आहे. फक्त त्या काळची रीत अशी होती की, डॉक्टरांनी बोलायचं आणि सिस्टरनं "यस सर" म्हणायचं. सिस्टरला काय वाटतं, हे विचारायची पद्धतच नव्हती. न विचारता सांगणं तर उद्धटपणात जमा होई.

दवाखान्याच्या मागच्या भिंतीपलीकडे साहेबांचीच मोकळी जागा होती. तिथे दर वर्षी मोहल्ल्याची देवी बसायची. साहेब मंडळाचे अध्यक्ष, आणि सगळी धावपळ सेक्रेटरी वामनराव करायचे. त्यांचं बर्डीच्या बाजारात साड्यांचं दुकान होतं. त्या वर्षी मंडप अगदी भिंतीला लागून घातला, आणि भिंतीला टेकलेल्या कडुनिंबाच्या फांदीला साहेबांच्या आईनं नवसाची म्हणून दिलेली मोठी पितळी घंटा टांगली.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी सकाळी बैलगाडी आणि मग एस.टी. असं करत शेवंताला आणलं. सावनेरकडच्या एका खेड्यातली. साहेबांची वडिलोपार्जित शेती त्याच गावात, म्हणून ते लोक थेट आमच्याकडे आले आणि साहेबांनी खर्चाचं काही न बोलता ठेवून घेतलं. वय विशीच्या आत-बाहेर, घरी वर्षाची मुलगी. शेतात निंदणाला गेली असताना बाभळीचा काटा पायात मोडला होता, त्यावर शेण लावून तशीच कामाला लागली. काही दिवसांनी जबडा बसला, तोंड उघडेना, चेहरा हसल्यासारखा ताणून राहिला, आणि मग अंग मागे वाकून धनुष्यासारखं व्हायला लागलं. धनुर्वात. पाहताक्षणी कळत होतं. पण घरच्यांना ते तसं कळलं नव्हतं.

शेवंताच्या सासूचं नाव अनुसयाबाई. उंच, हडकुळी, केस पिकलेले, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिच्या अंगात देवी यायची. गावात तिला मान होता. सुनेची ती कमान आणि तोंडावरचं ते हसू पाहून तिला वाटलं, देवी यंदा माझ्याऐवजी सुनेच्या अंगात आली. नवरात्र तोंडावर आलेलं, म्हणजे खूणही जुळली. तिनं शेवंताला पाटावर बसवलं, मळवट भरला, शेजारणी जमवल्या आणि कानाशी घंटी वाजवत देवीला प्रश्न विचारायला सुरुवात केली. घंटी वाजली की शेवंता वाकायची. वाकली की सगळे हात जोडायचे आणि आणखी जोरात वाजवायचे. दोन दिवस हे चाललं. शेवटी श्वास अडकायला लागला तेव्हा नवरा घाबरला आणि गाडी जुंपली. हे सगळं अनुसयाबाईनं मला दाखल करतानाच सांगितलं, आणि कसं, तर अभिमानानं. "बाई, असं जागृत अंग मी कधी पायलं नाही. घंटीवर येते माय माही."

तेव्हा तिला खरं सांगायला मला वेळ नव्हता. धनुर्वाताच्या रोग्याला उजेड सोसत नाही, स्पर्श सोसत नाही आणि आवाज तर मुळीच नाही. भांडं पडलं तरी झटका येतो. आजच्यासारखी श्वासाची यंत्रं आमच्याकडे नव्हती. सीरम, पेनिसिलिन, झोपेचं इंजेक्शन, नाकातून नळीनं दूध, आणि बाकी सगळी मदार अंधारावर आणि शांततेवर. मागच्या बाजूची खोली वर्षभर सगळ्यांत शांत असायची. पुढच्या खोल्यांवर रस्त्याचे हॉर्न येत. म्हणून तिला मागे ठेवलं; भिंतीपलीकडच्या मंडपाचा विचार घाईत कोणाच्याच मनात आला नाही. मी खिडकीला काळी घोंगडी लावली, दाराच्या बिजागरीत खोबरेल तेल सोडलं, भांड्यांना फडकी गुंडाळली, तिच्या कानात कापूस घातला. माझे पांढरे बूट बाहेर काढून मी त्या खोलीत अनवाणी वावरायला लागले. ड्यूटीवर बूट घालावे लागत म्हणून माझं नवरात्र दर वर्षी अर्धवट राहायचं. त्या वर्षी ते त्या अंधाऱ्या खोलीत आपसूक पुरं व्हायला लागलं, असं मनात येऊन मला जरा बरंही वाटलं.

आणि दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून आवाज आला, "हालो, हालो, माइक टेस्टिंग." शेवंताचं अंग पलंगावरून उचललं गेलं.

या रोगात रोगी शुद्धीवर असतो, हे लोकांना माहीत नसतं. प्रत्येक झटका त्याला पूर्ण कळतो. शेवंताचे डोळे माझ्याकडे लागलेले असत. तोंड हसरं आणि डोळे विनवणारे. असा चेहरा मी त्याआधी पाहिला नव्हता. संध्याकाळी आरती सुरू झाली. झांजा, ढोल आणि ती घंटा. मी साहेबांना गाठलं. ते सोवळं नेसून मंडपाकडे निघालेच होते. मी म्हटलं, "सर, आरतीच्या आवाजानं झटके वाढतायत. घंटा तरी बंद ठेवता आली तर."

ते थांबले. विचारात पडले, हे मला दिसलं. मग म्हणाले, "सिस्टर, श्रद्धेचा प्रश्न आहे. उद्या मोहल्ला म्हणेल, डॉक्टरनं आपल्या धंद्यापायी देवीची आरती बंद पाडली. आईचा नवस आहे तो. आरतीच्या आधी इंजेक्शनचा डोस वाढवा."

"श्वास आधीच उथळ आहे, सर."

"तुम्ही लक्ष ठेवा."

मी "यस सर" म्हटलं. सकाळ-संध्याकाळ आरतीच्या आधी मी जास्तीचं इंजेक्शन देत असे. झटके कमी येत, पण छाती हलायची जेमतेम. मी तिच्या पोटावर तळवा ठेवून बसायची आणि श्वास वर येतो की नाही याची वाट पाहायची. हुकूम साहेबांचा, सुई माझ्या हातात आणि श्वास शेवंताचा. डोस नाही दिला तर झटक्यात जाईल, आणि दिला तर झोपेत जाईल. दोन्हीकडून ती जाणार, आणि का जाणार हे मला दिसत होतं: भिंतीपलीकडे टांगलेलं एक पितळ. मोठ्या दवाखान्यात हलवावं म्हटलं तर वाटेतल्या धक्क्यांनीच संपली असती. माझ्या मनावर तेव्हा जे ओझं होतं त्याला नाव नव्हतं. आता नात सांगते की, त्याचे कोर्स असतात, त्यावर भाषणं होतात. तेव्हा मी हॉस्टेलवर जाऊन फराळाची भगर पुढे घ्यायची आणि तशीच झाकून ठेवायची.

मग मी स्वतः वामनरावांकडे गेले. ते मंडपात खुर्च्या लावून घेत होते. मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, नाही असं नाही. "भोंग्याचं तोंड बर्डीकडे फिरवून देतो," ते म्हणाले, "पण घंटा कशी बंद ठेवू? देवी घंटेनं उठते ना, सिस्टर."

बाजूला ढोल आवळत बसलेला एक जण म्हणाला, "सिस्टर, तुमी सुया टोचा, आमी घंटा वाजवतो. आपापलं काम."

दुसरा म्हणाला, "बी.ए. आहेत म्हणते गा त्या. आता देवीलेही शिकवतीन." सगळे हसले. वामनरावही तोंड फिरवून हसले. मी परत आले. भोंगा मात्र त्यांनी खरंच फिरवला, हे सांगायलाच हवं.

अनुसयाबाई सगळा वेळ व्हरांड्यात बसून असे. आरती सुरू झाली की उभी राहून सुनेच्या बंद दाराला हात जोडायची. एकदा मला म्हणाली, "आरती आयकून आली असन माय. दार तं उघडा, मले पाया पडू द्या." तिचा चेहरा इतका भाबडा होता की, मला राग आला नाही. मी तिचा हात धरला, बोटानं गप्प राहायची खूण केली आणि तिला आत नेलं. अंधारात तिचा तळवा घेऊन शेवंताच्या पोटावर ठेवला. पलीकडे घंटा वाजली. पोट लाकडासारखं ताठ झालं, पाठ उचलली गेली. मी अनुसयाबाईच्या कानाशी पुटपुटले, "मावशी, ही देवी नाही. हा आजार आहे. हिला सगळं कळतं, आणि फार दुखतं." तिनं हात काढला नाही. घंटा पुन्हा वाजली, पोट पुन्हा ताठ झालं. मग तिनं दुसऱ्या हातानं चाचपत सुनेचा गाल शोधला. गाल ओला होता.

बाहेर येऊन ती भिंतीला पाठ लावून खाली बसली. नंतर म्हणाली, "मी तिच्या कानात वाजवली वं बाई. वाकली का अजून वाजवली." मी तिच्याजवळ बसले. मीही भिंतीच्या या बाजूला बसून तेच ऐकत होते आणि यस सर म्हणत होते.

पाचव्या माळेच्या सकाळी आरती झाल्यावर शेवंताचा श्वास मध्येच थांबला. मी छाती दाबून तो परत आणला. आला, पण कसा, ते मलाच ठाऊक. साहेब धावत आले, पाहिलं, आणि संध्याकाळचा डोस देऊ नका म्हणाले. "मग संध्याकाळी काय करायचं, सर?" असं मी विचारलं. ते स्टेथोस्कोप खिशात घालून निघून गेले. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि कोराडीच्या आईला म्हटलं, "मला तुझं तोंड कधी बदललेलं दिसलं नाही. न दिसो. पण आज संध्याकाळी मी जे करणार आहे त्यात तू माझ्याजवळ उभी राहा. आणि तुला ते आवडत नसेल तर मला शिक्षा कर, तिला नको." खरं सांगायचं तर तोपर्यंत काय करणार हे मला माहीत नव्हतं. बोलल्यावर ते ठरलं.

दिवेलागणीला माझी जोडीदारीण सुशीला हिला मी शेवंताजवळ बसवलं आणि मागच्या दारानं मंडपात गेले. युनिफॉर्म अंगावर, डोक्यावर टोपी, पाय अनवाणी. माणसं जमली होती. साहेब आरतीचं ताट घेऊन देवीपुढे उभे. मी सरळ कडुनिंबाखाली गेले, हात वर केला आणि घंटेचा लोलक मुठीत धरला.

आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. वामनराव घंटेची दोरी ओढायला आले तेव्हा त्यांनी पाहिलं. हळूच म्हणाले, "सिस्टर, हात काढा."

"नाही काढत."

"सिस्टर, तमाशा नका करू. बाया पाहून राहिल्या."

"पाहू द्या." माझा आवाज कापत होता. "वामनराव, मीही नवरात्र धरते. माझ्या पायात चप्पल नाही, बघा. ही घंटा वाजली तर भिंतीपलीकडे एक बाई मरेल. दोरी ओढायची असेल तर माझ्या हातासकट ओढा."

गलका झाला. कोणी म्हणालं, हिला बाहेर काढा. कोणी म्हणालं, नर्सबाईचं डोकं फिरलं. ढोलवाल्यानं काड्या उचलल्या. मी साहेबांकडे पाहिलं. ते ताट घेऊन तसेच उभे, माझ्याकडे बघत. मला वाटलं, झालं. नोकरी तर गेलीच, आणि आता ढोल वाजणार. तेवढ्यात बायांच्या बाजूला गर्दी फाटली.

अनुसयाबाई आत आली होती. केस मोकळे, कपाळभर कुंकू पसरलेलं, पदर जमिनीवर लोळत होता. ती घुमत नव्हती, किंचाळत नव्हती. संथ चालत आली आणि ढोलवाल्यासमोर उभी राहिली. त्याच्या हातातल्या काड्या तिनं काढून घेतल्या, लहान पोराच्या हातातलं काढून घ्यावं तशा. मग सगळ्यांकडे वळून बोलली. मी तिचा आवाज पाच दिवस ऐकत होते. हा तो नव्हता. जड, सावकाश, आणि त्यात रागाचा मागमूस नव्हता. ती म्हणाली, "कोणाले उठवता रे? मी कधीची उठली. माही लेक तिकडं दुखण्यानं पडली, मी तिच्या उशाशी बसून राहिली. मले इथं काहून शोधता? चूप ऱ्हा. तिले झोपू द्या."

मंडपात कोणी हललं नाही. बाया आधी खाली वाकल्या, मग पुरुष. वामनरावांनी दोरी सोडली आणि खांद्यावरचा पंचा हातात घेतला. साहेबांनी कापूर पेटवला. त्यांचे ओठ हलायला लागले, आवाज न करता, आणि ताट फिरायला लागलं. मग एकेकाचे ओठ हलायला लागले. टाळ्यांच्या जागी माणसं हात एकमेकांजवळ आणून मध्येच थांबवत होती. मी जन्मात अनेक आरत्या ऐकल्या. ही एकच पाहिली. कापराची ज्योत चुरचुरते, हे मला त्या दिवशी कळलं. माझी मूठ लोलकावर होती आणि थंड पितळ हळूहळू हाताइतकं ऊन होत गेलं. मी देवीच्या मूर्तीकडे पाहत नव्हते. मी त्या म्हातारीकडे पाहत होते. दिवे लागले होते.

आरती संपल्यावर मी धावत खोलीत गेले. सुशीलानं मान हलवली. झटका आला नव्हता. शेवंता झोपली होती, औषधाची नव्हे, थकल्या माणसाची साधी झोप.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं. मी हॉस्टेलवरची पेटी मनातल्या मनात भरूनच गेले. ते खिडकीतून त्या घंटेकडे पाहत होते. "सिस्टर, नोकरी जाईल असं वाटलं नाही तुम्हाला?"

"वाटलं, सर."

"मग?"

"मग हात वर झालाच होता, सर. खाली कसा घ्यायचा, ते सुचलं नाही."

ते थोडंसं हसले. मग नेहमीच्या कडक आवाजात म्हणाले, "त्या खोलीच्या दाराला तेल घालायला सांगा कोणाला तरी."

"घातलंय सर. खोबरेल."

"हं," म्हणाले आणि कागदात डोकं घातलं. मी दारापर्यंत पोचले तेव्हा मागून आवाज आला, "डोस किती ठेवावा आज? तुम्हाला काय वाटतं?" इतक्या वर्षांच्या नोकरीत तो प्रश्न मला पहिल्यांदा विचारला गेला. मी सांगितलं. त्यांनी लिहिलं. त्यानंतर मी तिथे होते तोवर राउंडच्या शेवटी ते थांबत आणि विचारत. पुढच्या वर्षी मंडप जागेच्या दुसऱ्या टोकाला घातला गेला. पण त्या वर्षी उरलेल्या माळांना आरती तशीच झाली, न वाजवता. लांबच्या पाचपावलीकडूनही माणसं पाहायला येत. वामनराव त्यांना तोंडावर बोट ठेवून आत सोडत, जणू ती कल्पना त्यांचीच होती.

अनुसयाबाईला मी एकदा विचारलं. शेवंता जरा सावरली होती, आम्ही दोघी व्हरांड्यात चहा पीत होतो. म्हटलं, "मावशी, त्या संध्याकाळी खरंच आली होती का हो? की तुम्हीच?" ती बशीतला चहा फुंकत राहिली. मग म्हणाली, "मले काय ठाऊक बाई. तुमी घंटी धरली एवढं मी खिडकीतून पायलं. पुढचं मले याद नाही. मी तं समजली, तुमच्याच अंगात आली." आणि इतकी हसली की, चहा सांडला.

शेवंताचा जबडा दिवाळीच्या सुमारास सुटला. पहिल्यांदा मी तिला चमच्यानं पेज भरवली. दोन चमचे गिळल्यावर तिनं माझं मनगट धरलं. आवाज पार बसलेला. म्हणाली, "बाई, मले समदं आयकू ये. मी देवीले हाक माराची, पण तोंडच उघडत नोहतं. मले वाटे, बिनआवाजाची हाक तिले कशी जाईन?" मी चमचा खाली ठेवला.

या गोष्टीला आता चाळीसहून जास्त वर्षं झाली. साहेब गेले, अनुसयाबाई तर केव्हाच गेली. तो बंगला पाडून तिथे काचेची इमारत उभी राहिली. शेवंता मात्र आहे. मधूनमधून हरभऱ्याची भाजी वाळवून पाठवते. देवावर सोडणं म्हणजे हात जोडून स्वस्थ बसणं, असं मी लहानपणी समजत होते. त्या संध्याकाळी मला जे कळलं ते एवढंच: आपल्याला दिसलं ते बोलायचं, आपला हात पुढे करायचा, आणि पुढचं देवीवर सोडायचं. हात पुढे न करता सोडण्यासारखं माझ्याजवळ होतं तरी काय? आणि नुसता हात पुढे करून भागलं असतं, असंही मी म्हणणार नाही. ढोलाच्या काड्या उचलल्या गेल्या होत्या, हे मी विसरलेले नाही.

नातीला हे सांगितलं, त्यानंतर आठवड्यानं नवरात्र बसलं. तिला सुट्टी होती, म्हणून कोराडीला मला तीच घेऊन गेली. आता तिथे मोठं देऊळ आहे, रांगा आहेत, पार्किंग आहे. मी दर वर्षी तिथल्या एका घंटेचा लोलक क्षणभर मुठीत धरते आणि सोडते; वाजवत नाही. पण आता खांदा दुखतो, हात तिथपर्यंत पोचत नाही. मी तशीच खाली उभी राहिले. नातीनं माझ्याकडे पाहिलं, अनवाणी टाचा उंचावल्या आणि लोलक धरला. मागचा माणूस म्हणाला, "ताई, वाजवा ना, पुढं चला." ती म्हणाली, "एक मिनिट, दादा." आवाज शांत होता, जरासुद्धा कापला नाही. सकाळची वेळ होती. मी गाभाऱ्याकडे न पाहता तिच्याच चेहऱ्याकडे पाहत राहिले.